स्वतःचा एकही हप्ता चुकलेला नाही, तरी स्कोअर ६६८ : क्रेडिट रिपोर्ट नेमका वाचायचा कसा?

उद्यमनगरचा लेथवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे मशीनशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि एक जुने ड्रिलिंग मशीन एवढाच पसारा असून शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांकडून येणाऱ्या कास्टिंगचे मशीनिंग मी करून देतो. आजवर मशीनसाठी दोन आणि दुचाकीसाठी एक अशी तीन कर्जे घेतली आणि तिन्ही मुदतीत फेडली. हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात पैसे आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही, असा माझा स्वभाव आहे.

आता फुलेवाडीच्या बाजूला एक फ्लॅट घेण्याचे ठरवले असून त्यासाठी २० वर्षे मुदतीचे २५ लाखांचे गृहकर्ज हवे आहे. बँकेतील अधिकाऱ्यांनी संगणकात पाहून ‘तुमचे सिबिल कमी आहे’ एवढेच सांगितले. आकडा ६६८ निघाला. कर्ज मिळालेच तर साडेआठऐवजी साडेनऊ टक्क्यांनी मिळेल, असे त्यांचे म्हणणे पडले.

घरी येऊन मी स्वतःचा रिपोर्ट डाउनलोड केला आणि मिरजकर तिकटीजवळच्या दुकानात त्याची प्रिंट काढली. अकरा पाने निघाली. त्यांतील चार गोष्टींनी मी गोंधळलो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, मी कधीच न घेतलेले ट्रॅक्टरचे कर्ज माझ्या नावावर दिसते. नीट पाहिल्यावर तेथे ‘जामीनदार’ असा उल्लेख आढळला. शिरोळ तालुक्यातील माझ्या मावसभावाने ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेतली, तेव्हा एका सहकारी बँकेत मी त्याला सही दिली होती. त्या खात्याखाली महिन्यांच्या चौकटीत मार्चला ०००, एप्रिलला ०३०, मेला ०६१, जूनला ०९१ असे वाढत जाऊन सप्टेंबरला १८३ लिहिले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, २०२० साली मी कात्रीने कापून टाकलेल्या क्रेडिट कार्डावर ७,३४० रुपये थकीत असून त्यापुढे ‘रिटन ऑफ’ असा शेरा आहे. तिसरी गोष्ट म्हणजे, माझ्या चालू कार्डाची मर्यादा ६०,००० असून कार्बाइड इन्सर्ट आणि टूलिंगची खरेदी धरून दरमहा ५५,००० पर्यंत खर्च होतो; मी तो प्रत्येक वेळी पूर्ण भरतो, तरीही तेथे मोठी शिल्लक दिसते. शेवटची गोष्ट अशी की, दोन महिन्यांत पाच ठिकाणी चौकशी झाल्याची नोंद आहे.

यांतील कोणती गोष्ट चूक म्हणून दुरुस्त करून घेता येईल आणि कोणती निमूटपणे स्वीकारावी लागेल? तसेच हा रिपोर्ट वाचण्याची रीत कोणी समजावून सांगेल का?


निवृत्त शाखाधिकारी, राजारामपुरी

रिपोर्टची प्रिंट काढून पानन् पान वाचणारा कर्जदार मला नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा करतो. आपल्याकडे झेरॉक्स हे कंपनीचे नाव जसे कामाचे नाव झाले, तसेच ‘सिबिल’चे झाले आहे. सिबिल ही लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणारी एक कंपनी आहे. ती २००० साली स्थापन झाली आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने ओळखली जाते. तिच्याखेरीज इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या आहेत. या चौघींचे काम २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते. स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो आणि प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे असल्यामुळे चौघींचे आकडे सहसा जुळत नाहीत. साधारणपणे ७५० च्या वरचा आकडा बँकांना पसंत पडतो. मात्र ती रेषा कायद्याने आखलेली नाही, प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ती ठरवते.

या कंपन्या स्वतःहून तुमच्याविषयी काहीही लिहीत नाहीत. बँक, वित्तसंस्था किंवा कार्ड देणारी संस्था जे कळवते, तेच तेथे उतरते. शेतकऱ्याला हे सातबाराच्या उदाहरणाने चटकन समजते. सोसायटीचे कर्ज फेडले, पावतीही हातात आली, तरी फेरफार होईपर्यंत इतर हक्कांच्या रकान्यात बोजा तसाच राहतो आणि तलाठ्याशी कितीही वाद घातला तरी सोसायटीचा दाखला आल्याशिवाय तो उतरत नाही. क्रेडिट रिपोर्टचेही तसेच आहे. ज्याने नोंद लिहून पाठवली, त्यानेच ती बदलून पाठवावी लागते. म्हणून रिपोर्ट हाती आल्यावर स्कोअरकडे सर्वांत शेवटी पाहावे आणि प्रत्येक खात्यासमोर ‘हे कोणी लिहिले आणि ते खरे आहे का’ हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

आता चौकटीकडे येऊ. खात्याखाली गेल्या ३६ महिन्यांपर्यंतचे जे तीन-तीन अंकी आकडे असतात, ते ‘डीपीडी’चे, म्हणजे देय तारीख उलटून किती दिवस झाले त्याचे असतात. ००० म्हणजे त्या महिन्यात काहीही थकलेले नाही. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती संस्थेने कळवलीच नाही. त्यात कर्जदाराचा दोष नसतो. तुमच्या मावसभावाच्या खात्यात ०३०, ०६१, ०९१, १२२, १५३, १८३ अशी चढण असणार. या आकड्यांतील फरक ३१, ३०, ३१, ३१, ३० असा, म्हणजे त्या-त्या महिन्याच्या दिवसांइतका आहे. याचा अर्थ असा की ३१ मार्चला देय असलेला एकच हप्ता भरलेला नाही आणि त्याच हप्त्याचे वय दर महिन्याला वाढत आहे. सहा महिने सहा वेळा हप्ता चुकला असा त्याचा अर्थ नव्हे. ऊस वाहतुकीच्या कर्जाला बहुधा सहामाही हप्ता असतो, त्यामुळे हे जुळते. मात्र दुसरा हप्ता आताच देय झाला असेल, तर पुढच्या आकड्यांपूर्वी हालचाल करा.

बँकेची नोटीस आली नाही म्हणून गाफील राहू नका. शेतीखेरीज इतर कर्जे ९० दिवसांहून अधिक थकली की अनुत्पादक (एनपीए), म्हणजे वसुली अडकलेली, ठरतात. परंतु हे ट्रॅक्टरचे कर्ज शेतीकर्ज म्हणून दिलेले असेल तर पीकहंगामाचा निकष लागतो, त्यामुळे बँकेच्या हिशेबात ते खाते अजून अनुत्पादक झालेले नसू शकते. दिवसांची मोजणी मात्र त्यासाठी थांबत नाही.

कार्डाच्या बाबतीत स्पष्ट लिहितो, राग मानू नये. कार्ड कापल्याने खाते बंद होत नाही. वार्षिक शुल्क ५०० रुपये धरले तर १८ टक्के जीएसटीसह ५९० रुपये होतात. ते न भरल्यास विलंब शुल्क आणि व्याज लागत जाते आणि काही वर्षांत सात हजारांचा आकडा सहज उभा राहतो. तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानांवर पत्त्यांची यादी असेल, ती पाहा. त्या कार्डावर जुना पत्ता असेल, तर स्टेटमेंट कोणाच्या दारात पडत होती हे तुम्हाला कळेल. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने ती रक्कम आपल्या वहीतून निर्लेखित केली. तुम्हाला माफ केली असा त्याचा अर्थ होत नाही, आणि स्कोअरला सर्वांत खोल जखम करणाऱ्या शेऱ्यांपैकी तो एक आहे. ७,३४० रुपयांचा असो की सात लाखांचा, शेरा तोच.

चालू कार्डाचे कोडे सोपे आहे. तुम्ही पूर्ण भरता, पण स्टेटमेंट निघाल्यानंतर भरता. कार्ड देणारी बँक बहुधा स्टेटमेंटच्या दिवशीची शिल्लक कळवते. त्या दिवशी ६० हजारांपैकी ५५ हजार वापरलेले असतात, म्हणजे मर्यादेच्या ९० टक्क्यांहून अधिक. आमच्या व्यवसायात ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असा ठोकताळा आहे. स्टेटमेंटच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी ४० हजार भरून टाकल्यास खर्च तोच राहूनही रिपोर्टमध्ये शिल्लक कमी दिसेल. नाहीतर इन्सर्टवाल्याचे पैसे चालू खात्यातून द्या.

पाच चौकश्यांबद्दल एवढेच सांगतो की, स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, परंतु कर्जासाठी अर्ज केल्यावर संस्थेने केलेली चौकशी मोजली जाते. मोबाइलवर ‘पात्रता तपासा’ असे बटण दाबताना आपण बहुधा अशाच चौकशीला परवानगी देत असतो. सध्या नवा अर्ज करू नका.


पन्हाळा रोडवरून

एवढे कशाला करता? आमच्या ओळखीचा एक जण पाच हजारांत सिबिल साफ करून देतो. कार्डाच्या बँकेलाही दोन-अडीच हजार देऊन सेटलमेंट करून टाका, विषय संपला.


निवृत्त शाखाधिकारी, राजारामपुरी

वरील सल्ला कृपया कोणीही मानू नये. जी तक्रार संकेतस्थळावर फुकट नोंदवता येते, तीच हे लोक तुमच्या नावाने नोंदवतात आणि त्यासाठी तुमचा पॅन, आधार आणि मोबाइलवर आलेला ओटीपी घेतात. खरी असलेली नोंद त्यांच्या हातून जात नाही, जाणे शक्यही नाही.

सेटलमेंटविषयी थोडे अधिक लिहितो, कारण उद्यमनगरच्या बंधूंना कार्डाच्या वसुली विभागातून हाच प्रस्ताव फोनवर येणार आहे. अडीच हजारांत तडजोड केली तर उरलेली रक्कम बँकेने सोडली, हे ‘सेटल्ड’ या शब्दात रिपोर्टमध्ये लिहिले जाते आणि पुढचा कर्ज देणारा ‘या माणसाने पूर्ण दिले नाही’ असे ते वाचतो. पंचवीस लाखांच्या कर्जापुढे पाच हजार वाचवण्यात शहाणपण नाही. पूर्ण रक्कम भरा. मात्र भरण्यापूर्वी एक लेखी अर्ज अवश्य द्या : कार्ड वापरलेच नव्हते, स्टेटमेंट जुन्या पत्त्यावर गेली, तरी विलंब शुल्क आणि व्याज बँकेने रद्द करावे. बँकेने शुल्क आपणहून रद्द करून खाते शून्यावर बंद केले, तर ती तडजोड ठरत नाही. हा फरक पत्रात स्पष्ट शब्दांत मागून घ्या, फोनवरच्या आश्वासनावर पैसे भरू नका.

ज्यांच्याकडे न वापरलेली कार्डे पडून आहेत त्यांच्यासाठी सांगतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. २०२० साली कापलेल्या कार्डाला त्याचा लाभ नाही, पण ज्यांनी अजून कात्री उचललेली नाही त्यांना आहे.


लक्ष्मीपुरीतील करसल्लागार

जामीनकीचा मुद्दा मी घेतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दहांतील चौघे-पाचजण कोणाचे ना कोणाचे जामीनदार असतात. आपल्या जिल्ह्यात सहीला नाही म्हणणे म्हणजे नाते तोडणे समजतात. पंगतीत शेजारी बसलेला माणूस हात धुताना विचारतो आणि आपण हो म्हणून जातो.

१८७२ च्या करार कायद्यातील कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याचा ट्रॅक्टर विका, मग माझ्याकडे या’ असे म्हणण्याचा अधिकार जामीनदाराला सहसा नसतो. सहकारी बँक आणि पतसंस्था यांना महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० मधील कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवता येतो आणि त्या दाखल्यावर कर्जदारासोबत जामीनदाराचेही नाव असते. गावाकडे ‘एकशे एक झाले’ असे म्हटले की पुढचे न सांगता समजते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बँका नाहीत, त्यामुळे त्यांची कर्जे या रिपोर्टमध्ये सहसा दिसत नाहीत. यावरून अनेक जण ‘पतसंस्थेची सही म्हणजे बिनधोक सही’ असा निष्कर्ष काढतात. रिपोर्टमध्ये दिसत नाही एवढेच खरे. एकशे एकचा दाखला मात्र तितकाच लागू होतो. तुमच्या बाबतीत कर्ज सहकारी बँकेचे आहे आणि बँकांना कळवणे बंधनकारक असल्याने ते तुमच्याही रिपोर्टमध्ये उतरले.

आता व्यवहाराचे पाहू. जामीनकीतून बाहेर पडायचे असेल तर बँकेची संमती लागते आणि ती मिळवण्यासाठी तुमच्या जागी दुसरा जामीनदार किंवा पुरेसे तारण द्यावे लागते. कलम १३० मध्ये जामीन मागे घेण्याची सोय आहे खरी, पण ती सतत चालणाऱ्या व्यवहारांच्या जामिनासाठी आणि तीही पुढील व्यवहारांपुरती. एकदा उचललेल्या मुदत कर्जाला तिचा उपयोग नाही. म्हणून सध्याच्या घडीला खाते चालू करून घेणे हाच मार्ग उरतो. मावसभावाला शक्य नसेल आणि तुम्हीच हप्ता भरणार असाल, तर पैसे रोख त्याच्या हाती देऊ नका. थेट कर्जखात्यात तुमच्या खात्यातून भरा आणि तपशिलात ‘जामीनदार म्हणून भरणा’ असे लिहा. जामीनदाराने भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क कलम १४५ ने दिलेला आहे, पण त्यासाठी पुरावा तुमच्याकडे असला पाहिजे. नाते टिकले तर तो कागद कपाटात राहील.

एक टक्क्याचा प्रश्न क्षुल्लक वाटू नये म्हणून हिशेब करून ठेवतो. २५ लाख, २० वर्षे, साडेआठ टक्के दराने हप्ता सुमारे २१,६९६ रुपये होतो; साडेनऊ टक्क्यांनी २३,३०३. दरमहा सोळाशे रुपयांचा फरक २४० हप्त्यांत सुमारे ३ लाख ८६ हजारांवर जातो. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या) बाह्य मानदंडाशी जोडलेली असतात आणि त्यावर बँक जी भर घालते, तिच्यात कर्जदाराच्या जोखमीचा हिस्सा असतो. तुमचा स्कोअर तेथे काम करतो. म्हणून फ्लॅटवाल्याकडे दोन-तीन महिन्यांची मुदत मिळत असेल तर ती मागावी, असे माझे मत आहे.


कागलची शिक्षिका

तक्रार नोंदवण्याच्या प्रक्रियेतून मी स्वतः गेले आहे, म्हणून तेवढे सांगते. आमच्या गावात माझ्या नावाच्या, आडनावाच्या आणि जन्मसालाच्या आणखी एक ताई आहेत. पाटलांच्या गावात हे नवलाचे नाही. त्यांचे दुचाकीचे थकलेले कर्ज एका वित्तसंस्थेने माझ्या रिपोर्टमध्ये चढवले होते. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायला गेले तेव्हा ते उघड झाले आणि ‘गाडी कुठे आहे?’ असे अधिकाऱ्यांनी विचारले, तेव्हा मला रडावे की हसावे ते कळेना. मला आजही सायकलखेरीज काही चालवता येत नाही.

रिपोर्टच्या वरच्या बाजूला एक कंट्रोल नंबर असतो, तो तक्रारीत द्यावा लागतो. कोणते खाते, त्यातील कोणता रकाना आणि काय चुकीचे आहे, हे निवडून तक्रार दाखल केली आणि सोबत पॅनची प्रत जोडली. पतमाहिती कंपनी ती तक्रार वित्तसंस्थेकडे पाठवते. संस्थेने २१ दिवसांत सुधारित माहिती कळवायची आणि एकूण ३० दिवसांत तक्रार निकाली निघायची, असा नियम आहे. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. विलंब ज्याच्यामुळे झाला, त्याने ती भरायची. माझी तक्रार ४१ व्या दिवशी मिटली आणि अकरा दिवसांचे १,१०० रुपये माझ्या खात्यात जमा झाले. रक्कम मोठी नव्हती, पण त्या दिवशी मी शिक्षक खोलीत सर्वांना पेढे दिले.

माझी तक्रार मिटली नसती तर पुढची पायरी म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची मी तयारी ठेवली होती. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपाल योजनेत आल्या आहेत आणि तेथे तक्रार करण्यास शुल्क लागत नाही. मात्र आधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहावी लागते.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, हे माझ्या सहकाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. चार कंपन्या आहेत, म्हणून मी दर तीन महिन्यांनी एकीचा मागवते.


उद्यमनगरचा लेथवाला

सर्वांचे मनापासून आभार. पत्त्यांची यादी पाहिली. कार्डापुढे मंगळवार पेठेतील भाड्याच्या खोलीचा पत्ता आहे, जो मी २०२० च्या दिवाळीत सोडला. कार्ड कापले ते घर हलवतानाच. म्हणजे कागद येत होते, मी तेथे नव्हतो.

काल शिरोळला जाऊन आलो. मावसभावाने ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला उचल दिली होती. टोळी अर्ध्या हंगामातच निघून गेली आणि ट्रॉली दारात उभी राहिली. मला सांगायची त्याला लाज वाटली. हप्ता १ लाख १२ हजारांचा आहे. त्यातील ६० हजार त्याने सोमवारपर्यंत जमवण्याचे कबूल केले आहे. उरलेले मी करसल्लागारांनी सांगितल्याप्रमाणे थेट कर्जखात्यात भरणार आहे. सहामाही दुसरा हप्ता ३० सप्टेंबरला देय झालेला असल्याचे बँकेत कळले, त्यासाठी बँक काही हप्ते पाडून देण्यास तयार दिसते.

दोन प्रश्न उरतात. हे सर्व भरल्यावर सप्टेंबरपर्यंतचे ते आकडे पुसले जातील का? आणि बदल रिपोर्टमध्ये दिसायला किती दिवस लागतील?


निवृत्त शाखाधिकारी, राजारामपुरी

पुसले जाणार नाहीत. ते त्या महिन्यांचे खरे आकडे आहेत आणि नव्या महिन्यांचे ००० पुढे येत जातील तसे ते मागे सरकतील. तक्रार करून ते काढता येत नाहीत, कारण त्यात चूक नाही. तथापि चालू थकबाकी आणि जुनी थकबाकी यांत गृहकर्ज देणारा अधिकारी फरक करतो, हे मी अनुभवाने सांगतो.

मात्र दुसऱ्या हप्त्याबाबत सावध राहा. बँक हप्ते पाडून देते म्हणजे तोंडी सवलत देते की कर्जाची रीतसर पुनर्रचना करते, हे विचारून घ्या. तोंडी सवलतीत दिवस मोजले जातच राहतात, तर पुनर्रचना झाल्यास ‘रिस्ट्रक्चर्ड’ असा शेरा रिपोर्टमध्ये येतो आणि तो जामीनदाराच्या खात्यालाही चिकटतो. तुमच्या दृष्टीने दोन्ही हप्ते भरून खाते चालू करणे सर्वांत उत्तम. जमणारच नसेल, तर निदान तुमचे गृहकर्ज मंजूर होईपर्यंत पुनर्रचनेवर सही करू नका.

वेळेबद्दल सांगायचे तर १ जानेवारी २०२५ पासून संस्थांना निदान पंधरवड्याला एकदा, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती कळवावी लागते. पूर्वी महिना-महिना जात असे. त्यामुळे भरणा केल्यापासून साधारण तीन ते चार आठवड्यांनी नवा रिपोर्ट काढा. तोपर्यंत बदल दिसला नाही, तर तेव्हा मात्र तक्रार करण्यास जागा आहे, कारण मग नोंद चुकीची ठरते.

गृहकर्जाच्या अर्जासोबत एका पानाचे पत्र जोडा. त्यात जामीनकीचे खाते कोणाचे, भरणा कोणत्या तारखेला झाला आणि कार्डाचे काय झाले, एवढेच लिहा आणि दोन्ही पावत्या लावा. संगणक पत्र वाचत नाही, हे खरे; परंतु ६६८ आणि ७०० च्या मधल्या अर्जांवर शेवटी कोणीतरी माणूस टिपण लिहितो आणि त्याला लिहिण्यासाठी काहीतरी हाती द्यावे लागते.


उद्यमनगरचा लेथवाला

कार्डाच्या बँकेचे उत्तर आज ईमेलवर आले. विलंब शुल्क आणि व्याज रद्द करून ५९० रुपयांप्रमाणे दोन वर्षांचे १,१८० रुपये भरण्यास सांगितले आहे. पहिल्या मसुद्यात ‘सेटलमेंट रक्कम’ असे लिहिले होते. मी भरले नाहीत, शब्द बदलून मागितला. दुपारी दुसरे पत्र आले, त्यात ‘शुल्क परतावा केल्यानंतरची संपूर्ण देय रक्कम’ असे आहे आणि खाते बंद झाल्याचे कळवू, असेही लिहिले आहे. आता भरले आणि पावतीची प्रिंट त्याच तिकटीवरच्या दुकानातून काढली. फ्लॅटवाल्याने डिसेंबरअखेरपर्यंत थांबण्याचे मान्य केले असून टोकन म्हणून २१ हजार घेतले आहेत. सोमवारी शिरोळला जातो.